मंगळवारची रात्र आणि मावशीचा रिफंड

‘स्वस्त विमान तिकिटाची पाच गुपितं, कंपन्या कधीच सांगणार नाहीत’ हा मेसेज तीनदा आला, तीनदा सोडून दिला. चौथ्यांदा तो बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माझ्या मावशीनं नुसता वाचला नाही, अमलात आणला. म्हणून हा खटाटोप.

‘मंगळवारी रात्री बारानंतर बुक करा.’ कशाला जागायचं? भाडं दिवसातून कितीही वेळा बदलतं. वार बघायचाच तर प्रवासाचा बघा.

‘इन्कॉग्निटोमध्ये (ब्राउझरच्या खासगी खिडकीत) शोधा, नाहीतर साइट भाव चढवते.’ एकाच विमानातल्या जागा वेगवेगळ्या भाड्यांच्या गटांत वाटलेल्या असतात. स्वस्त गट संपला की पुढचा महाग गट दिसतो. तुम्ही चोरपावलांनी आलात म्हणून विकलेली जागा परत येत नाही. याच मुद्द्यात ‘चौघांचं एकदम शोधू नका’ असंही घुसडलंय, आणि ते, काय करणार, खरं आहे. स्वस्त गटात दोनच जागा उरल्या असतील तर चौघांनाही वरचं भाडं लागतं. आधी एकाचं शोधून बघा.

आता चौथं गुपित, ज्यानं माझं डोकं फिरलं. ‘रिफंड अडकला तर गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधा, दहा मिनिटांत पैसे!’ गुडघा धरला म्हणून मावशीनं बंगळुरूचं तिकीट रद्द केलं होतं. तिनं नंबर शोधला, लावला. मी पोचलो तेव्हा पलीकडचा गोड हिंदीत ‘माँजी, माँजी’ करत होता, स्क्रीन दिसणारं ॲप उतरवून झालं होतं, आणि तो म्हणत होता, पिन टाका, पैसे जमा होतील. मी फोन ओढून घेतला. मावशी माझ्यावरच चिडली, “अरे, किती आदरानं बोलत होता तो!”

यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो. गुगलवर कुणीही कुणाच्याही नावानं नंबर टाकू शकतो. खरा नंबर तिकिटाच्या ईमेलमध्ये किंवा साइटच्या स्वतःच्या ॲपमध्ये असतो. पैसे गेलेच तर लगेच १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.

या सगळ्याचं मूळ तिसऱ्या गुपितात: ‘नॉन-रिफंडेबल तिकिटाचा छदामही मिळत नाही, आणि साइटवरून काढलं तर विमान कंपनी विचारतही नाही.’ डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचा, रिफंडचा नियम वाचा. मूळ भाडं परत मिळणार नसलं, सवलतीचं तिकीट असलं, अगदी तुम्ही विमानतळावर गेलाच नाहीत, तरी सरकारी कर आणि यूडीएफसारखी विमानतळाची शुल्कं परत द्यावी लागतात. रद्द करण्याचा आकार मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यापेक्षा जास्त लावता येत नाही. आणि तिकीट विकणारी साइट म्हणजे एजंट, तो कंपनीचाच प्रतिनिधी, तेव्हा परताव्याची जबाबदारी कंपनीची. साइटची कन्व्हीनियन्स फी मात्र बहुधा बुडते, तिथे मेसेज अर्धा खरा. साइटनं मावशीला ‘परतावा शून्य’ दाखवला होता. विमान कंपनीला हा नियम जोडून ईमेल केल्यावर आठशेवर रुपये आले.

पाचवं, ‘मोठ्या शहरातून उडा.’ म्हणजे अहमदाबाद. तिकिटात हजार वाचतीलही. पण पहाटेच्या विमानासाठी रात्री दीडला टॅक्सी करून शंभरावर किलोमीटर जायचं, ते भाडं कुणी धरलंय? हरणीचा विमानतळ मावशीच्या घरून रिक्षाच्या अंतरावर आहे.