हात लावू नये

मावशी वेंगुर्ल्याहून पहिल्यांदाच आमच्याकडे नेदरलँड्समध्ये, आइंडहोव्हनला आली, तेव्हा तिला ट्यूलिपच्या बागा दाखवायच्या असं ठरलं होतं. पण बागा उघडायला अजून आठवडा होता, बाहेर मार्चचा गार पाऊस आणि ऑफिसातल्या मित्रानं त्याला नको असलेली दोन तिकिटं माझ्या गळ्यात मारलेली. मास्ट्रिख्टच्या टेफाफची. जुन्या आणि महागड्या कलावस्तूंचा हा जगातला फार दिमाखदार बाजार. १९८८पासून भरतो, अडीचशेहून जास्त व्यापारी येतात.

"बाजार आसा?" मावशीनं विचारलं.

"हो."

"मगे पिशवी घेतंय."

मी इथेच सावध व्हायला हवं होतं.

पिशवी अर्थातच दारात जमा करावी लागली. आत दोन दशम्या, लिंबाचं लोणचं आणि छत्री. तिथल्या मुलीनं पिशवीला नंबराचा बिल्ला लावला आणि एका फरच्या कोटाशेजारी ती टांगली. मावशी आत शिरेपर्यंत दोनदा मागे वळून बघत होती. कोट लोणच्याला लागेल अशी तिला भीती होती.

अशा ठिकाणी काही घ्यायचं नसतं तेव्हा चालायचं कसं, हा खरा प्रश्न. हात पाठीमागे बांधायचे, मान किंचित कलती ठेवायची आणि वस्तूपासून दोन पावलांवर थांबून 'हं' म्हणायचं. हा 'हं' जमणं कठीण. लांबला तर विक्रेता गिऱ्हाईक समजून जवळ येतो, तोडला तर तुम्ही अडाणी दिसता. किमतीच्या चिठ्ठ्या बऱ्याच ठिकाणी नसतातच, विचारावं लागतं. आणि विचारलं की चेहरा सरळ ठेवावा लागतो, याचा सराव आम्हां मध्यमवर्गीयांना कुठून असणार? मावशीनं मात्र पहिल्या दहा मिनिटांत पाच वस्तूंच्या किमती माझ्याकरवी विचारून घेतल्या. मी तिला युरोवर दोन शून्यं वाढवायला शिकवलं होतं, म्हणजे ढोबळ रुपये होतात. सहाव्या वस्तूनंतर तिनं शून्यं वाढवायचं सोडून दिलं. "नुसता ऐकूनच दमाक होता," म्हणाली.

चित्रं आम्ही भराभर उरकली. चित्रांना कोपर लागत नाही, त्यामुळे मला तिथे बरं वाटत होतं. सतराव्या शतकातलं एक डच चित्र होतं: टेबलावर अर्धवट सोललेलं लिंबू, काचेचा पेला आणि चांदीच्या ताटात मासा. लिंबाच्या सालीची गुंडाळी टेबलाच्या कडेवरून अशी लोंबत होती की हात पुढे करून झेलावी. दोन सूटवाले खालच्या आवाजात तिच्यावरच्या प्रकाशाबद्दल बोलत होते. मावशी चष्मा सारखा करून माशाजवळ गेली.

"डोळे बघ. खोल गेलेहत. दोन दिसांचो आसा ह्यो. फुकट दिलो तरी घेव नको."

सूटवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, त्या कोकणातल्या तज्ज्ञ आहेत. यात खोटं काही नव्हतं.

खरी परीक्षा पुढे, चिनीमातीच्या दालनांत. तिथे शिरलं की माणसाला कळतं, आपल्या अंगाला किती कोपरे आहेत. मी पोट आत घेतलं, जॅकेट पोटाशी धरलं, मावशीचा पदर तिच्या कमरेला खोचायला लावला. 'हात लावू नये' अशी पाटी दिसत नव्हती; ती हवेतच होती. मावशीला सांगितलं तर म्हणाली, माका शिकवू नको, माझ्या लोणच्याच्या बरणीक चाळीस वर्षां कोणी ओलो हात लावूक नाय. मी निर्धास्त झालो. चूक माझीच. तिचे हात कोरडे होते.

निळ्या नक्षीचा, कमरेएवढा उंच बरणीसारखा एक नग होता. विक्रेता पाठमोरा. मावशी वाकली आणि बोटाच्या पेरानं त्याच्या पोटावर टकटक केलं, बुधवारच्या बाजारात माठ घेताना करतात तसं. एकदा. मग कान जवळ नेऊन आणखी एकदा.

माझ्या पाठीच्या कण्यातून जे गेलं त्याला काय म्हणतात मला माहीत नाही. डोळ्यांसमोर आमचा फ्लॅट, त्यावरचं कर्ज आणि त्यापुढे दोन शून्यं.

"मातयेचा आसा," मावशी उभी राहत म्हणाली. "चिनीमाती असा वाजणा नाय. ती किणकिणता. ह्यांनी फसवल्यानी तुमका."

विक्रेता वळला होता. साठीचा, उंच, सोनेरी काड्यांचा चष्मा. काय म्हणाल्या त्या, असं त्यानं विचारलं. मला खोटं सुचेना, मी भाषांतर केलं. आता हाकलणार, असं वाटत असतानाच तो मावशीकडे बघून खुशीत हसला आणि म्हणाला, बरोबर आहे.

डेल्फ्ट या डच गावची ही भांडी चिनीमातीची नसतातच, त्यानं सांगितलं. डच कंपनीची जहाजं चीनहून निळी-पांढरी भांडी आणत होती. सतराव्या शतकाच्या मध्याला चीनमध्ये मिंग राजवट कोसळली, माल येईना. तेव्हा डेल्फ्टच्या कुंभारांनी साधी माती भाजून तिच्यावर कथिलाची पांढरी झिलई चढवली आणि वर चिनी वळणाची निळी नक्षी काढली. टेफाफ उघडण्याआधी म्हणे व्यापाऱ्यांना बाहेर काढून तज्ज्ञांच्या समित्या एकेक वस्तू तपासतात. यंत्रंबिंत्रं असतात त्यांच्याकडे.

मावशीनं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे मडक्याक कल्हई केलीहा. मगे सरळ सांगा ना."

'कल्हई'चं भाषांतर करायला मला पाच मिनिटं लागली. तेवढ्यात तिला 'डच कंपनी' हे शब्द कळले होते.

"तेका सांग, तुमची वखार आमच्याकडे आसा वेंगुर्ल्याक. पडान गेलीहा. भिंतीत झाडां रुजलीहत. कोणतरी येवन बघा."

त्यानं गंभीरपणे मान हलवली. तीनशे-साडेतीनशे वर्षांत ही तक्रार योग्य माणसापर्यंत पोचायचा योग पहिल्यांदाच आला असावा. जाता जाता त्याचं लक्ष मावशीच्या कानांकडे गेलं. मोत्याच्या कुड्या, तिच्या आजीच्या. फार सुंदर, म्हणाला, किती जुन्या आहेत? मावशीनं पदर कानावरून ओढून घेतला.

"विकूच्यो नाय म्हणान सांग."

पुढे दागिन्यांच्या काचा होत्या, पण तिथे हात लावायचा प्रश्नच नव्हता. जून २०२२मध्ये चपट्या टोप्या घातलेले दरोडेखोर भरदिवसा इथे घुसले होते आणि घणानं एक काच फोडली होती. एका प्रेक्षकानं फुलांची भलीमोठी फुलदाणी उचलून त्यांना अडवायचा प्रयत्नही केला. मी हे रंगवून सांगितलं. मावशीचा एकच प्रश्न होता, फुलदाणी कितक्याची.

पायांचे तुकडे पडल्यावर आम्ही खाण्याच्या काउंटरपाशी आलो. बर्फाच्या परातीत कालवं मांडलेली. लोक एका हातात शॅम्पेन घेऊन ती लिंबू पिळून कच्चीच गिळत होते. मावशी परातीसमोर जितका वेळ उभी राहिली तितका वेळ ती कुठल्याही कलाकृतीसमोर उभी राहिली नव्हती. ओहोटीला खडकावर जाऊन कोयतीनं कालवं फोडण्यात तिचं लहानपण गेलं.

"कच्ची? खोबरा नाय, कोकम नाय, काय नाय?"

"असंच खातात."

"कितक्याक?"

मी सांगितलं. तिनं बऱ्याच वेळानं पुन्हा शून्यं वाढवली. एका कालवाच्या पैशात वेंगुर्ल्याला बांगडे माशांचा वाटा येतो, असा हिशोब झाला. तरी मी दोन घेतली; दिवसभरात आम्हाला परवडणारं तेवढंच होतं. मावशीनं एक डोळे मिटून गिळलं. तोंड वाकडं केलं, मग म्हणाली, खारटपणा बरो आसा. शिंपला मात्र तिनं कागदी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला.

मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉल केला तेव्हा तो दिसला. शोकेसमध्ये, गणपतीच्या मूर्तीशेजारी, खाली क्रोशाचा रुमाल. शेजारचं पोर त्याच्याकडे बोट नेत होतं. मावशी माझ्याशी बोलता बोलता मान न वळवता ओरडली, "हात लावू नको रे! हॉलंडचो आसा तो!"