‘तुमची यादी घेऊन फिरलो आणि पस्तावलो’ : सोलापूरच्या ताईंना उत्तर

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया शनिवारी रात्री वाचली. उत्तराला चार दिवस लागले, कारण त्यातल्या दोन गोष्टी मला स्वतः जाऊन बघायच्या होत्या.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २०२४ च्या सुरुवातीला मी पाहुण्यांना स्वस्तात मुंबई कशी दाखवावी यावर लेख लिहिला होता. तो हाताशी धरून ताई, त्यांचे यजमान, सासू-सासरे आणि चौदा वर्षांची मुलगी असे पाच जण सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रविवारी पहाटे इथे उतरले. दोन दिवसांत खर्च ठरवल्याच्या जवळजवळ दुप्पट झाला. लेखात बसचं तिकीट पाच रुपये, कंडक्टरने मागितले दहा. रविवारी लोकलचा पत्ता नाही, सोमवारी घारापुरी बंद. दुसऱ्या दिवशी सासूबाईंचे गुडघे सुजले. आणि शेवटी ताईंनी लिहिलंय, ‘तुम्ही लोक लिहिता म्हणूनच साध्या जागा महाग होतात. मुंबईत राहून तुम्हाला बाहेरून येणाऱ्याचं काय कळणार?’

आधी जिथे माझं चुकलं ते सांगते. बेस्ट बसचं किमान भाडं २०१९ साली पाच रुपयांवर आणलं होतं, एसी बसचं सहा. ९ मे २०२५ पासून ते दहा आणि बारा झालं. त्याच वर्षी १ फेब्रुवारीपासून टॅक्सीचा मीटर २८ ऐवजी ३१ रुपयांपासून सुरू होतो आणि रिक्षाचा २३ ऐवजी २६ पासून. मी लेखात दर लिहिले, पण ते कधीचे हे लिहिलं नाही, आणि पुढे दीड-दोन वर्षं ते पान उघडूनही पाहिलं नाही. घारापुरीची लेणी दर सोमवारी बंद असतात. हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी लेखात आलं नाही. रविवारचा मेगाब्लॉक आम्हा मुंबईकरांच्या इतका अंगवळणी पडलाय की तो कुणाला सांगायला हवा हेच सुचलं नाही. मध्य आणि हार्बर मार्गावर रविवारी दुरुस्तीसाठी साधारण सकाळी उशिरापासून दुपारपर्यंत गाड्या वळवतात किंवा रद्द करतात. नेमक्या त्याच वेळेत म्हाताऱ्या माणसांना घेऊन तुम्ही फलाटावर उभ्या होतात. याबद्दल मनापासून माफी मागते. लेखात या तिन्ही दुरुस्त्या तारखेसकट केल्या आहेत.

पण ताई, दर वाढले म्हणून तुमचा खर्च दुप्पट झाला, असं मला वाटत नाही. तुम्ही खर्च कलमवार लिहिलात म्हणून मी तो कागदावर मांडून पाहिला. खाणंपिणं तुम्ही ठरवल्याच्या आसपासच झालंय. पैसे गेले टॅक्सीत. दोन दिवसांत सहा वेळा टॅक्सी, आणि सहाही वेळा दोन-दोन, कारण काळी-पिवळीत चारच माणसं बसतात आणि तुम्ही पाच. त्या टॅक्स्या तुम्ही चैनीसाठी केल्या नाहीत. सासूबाईंना चालवेना म्हणून केल्या. आणि त्यांना चालवेना, कारण माझ्या यादीने तुम्हाला सकाळी राणीच्या बागेत, दुपारी गिरगावात आणि संध्याकाळी वांद्र्याला पाठवलं. पाठीवर सॅक टाकून एकटा फिरणारा पंचवीस वर्षांचा मुलगा डोळ्यांसमोर ठेवून मी ती यादी केली होती. एकेक वस्तू स्वस्त शोधली, पण पाच माणसांचा अख्खा दिवस केवढ्याला पडतो हे मोजलंच नाही.

म्हणून मंगळवारी आईला घेऊन दादरला गेले. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, गुडघे तुमच्या सासूबाईंसारखेच. पश्चिमेला जायला पूल चढताना ती दर सातआठ पायऱ्यांनी थांबे. कठड्याला एक हात, दुसऱ्या हातात पदर. मागून गाडी पकडायला धावणारी माणसं अंगावरून जात, कुणी ‘आजी, बाजूला व्हा’ म्हणे. मधल्या सपाटीवर पोचल्यावर ती मला म्हणाली, ‘पाच मिनिटं इथेच थांबू, कुणाची घाई आहे?’ आम्ही तिथेच उभ्या राहिलो. तेवढ्या वेळात दोनदा माझ्या मनात आलं की सरळ टॅक्सी करून घरी जावं. तुमच्यावर ती वेळ सहा वेळा आली.

बसचंही पाहिलं. पाच जणांचं एसी बसचं किमान भाडं साठ रुपये. दीड किलोमीटरच्या आत जायचं असेल तर दोन टॅक्स्यांचे बासष्ट. म्हणजे जवळच्या अंतराला, आजी-आजोबा सोबत असताना, टॅक्सीच परवडते. हे मी याआधी कुठेच लिहिलं नव्हतं. अंतर वाढलं की मात्र दोन मीटर एकदम पळायला लागतात. आणि दादरला तुम्ही रिक्षा शोधत राहिलात असं लिहिलंय. सोलापूरहून येणाऱ्याला हे सांगणारं कुणी हवं होतं: माहीम आणि शीव (सायन) यांच्या दक्षिणेला मुंबईत रिक्षा चालतच नाही.

आता पुन्हा आलात तर मी काय सुचवेन? एका दिवसात एकच भाग. सिद्धेश्वर दादरला थांबते, तिथेच उतरा, सीएसएमटीपर्यंत जाऊच नका. सामान क्लोक रूमला ठेवा. बॅगांना कुलूप हवं, नाहीतर घेत नाहीत. त्या वेळेला पश्चिमेला स्टेशनजवळच्या फूल मंडईत झेंडू-शेवंतीचे ढीग पडलेले असतात. अर्धा तास नुसतं बघत उभं राहिलं तरी मन भरतं, आणि त्याला पैसे पडत नाहीत. मग नाश्ता. मामा काणे १९१० पासून तिथेच आहेत. त्यानंतर जवळच्याच अंतराला दोन टॅक्स्या करून शिवाजी पार्क, कट्ट्यावर बसून मुलांचं क्रिकेट बघणं, आणि तिथून चैत्यभूमी. तिच्या शेजारी दादर चौपाटीवर आता समुद्रावर पुढे गेलेला व्ह्यूइंग डेक आहे. तुम्ही वांद्र्याला टॅक्सीने ज्या समुद्रासाठी गेलात तो इथूनही दिसतो. ६ डिसेंबरच्या आसपासचे दिवस मात्र टाळा. तेव्हा बाबासाहेबांना अभिवादन करायला देशभरातून माणसं येतात, आणि तेव्हाचं दादर त्यांचं असतं. तुम्हीही त्यासाठीच येणार असाल तर गोष्ट वेगळी.

दुपारी विश्रांती, आणि संध्याकाळी नाटक. इथे मी तुम्हाला पैसे खर्च करा असं सांगतेय, आणि विचार करून सांगतेय. प्लाझा सिनेमासमोरचं शिवाजी मंदिर नाट्यगृह १९६५ पासून उभं आहे. पाच तिकिटं काढली की आकडा मोठा दिसतो. पण सासू-सासरे थंडाव्यात, गादीच्या खुर्चीत अडीच-तीन तास बसतात, मध्यंतरात बटाटेवडा खातात, आणि त्या वेळात एकही टॅक्सी होत नाही. आईला विचारलं, मुंबईत पाहुण्याला एकच गोष्ट दाखवायची तर काय दाखवशील? समुद्र नाही, राजाबाई टॉवर नाही, ती ताडकन म्हणाली, ‘नाटक.’

दुसरा दिवस फोर्टचा. यासाठी भुयारी मेट्रो वापरा. ऑक्टोबर २०२५ पासून ती आरे ते कफ परेड पूर्ण सुरू आहे, तिकीट दहा ते सत्तर रुपये. लोकलपेक्षा महागच, कारण लोकलचं सेकंड क्लासचं किमान तिकीट आजही पाच रुपये आहे. पण मेट्रोला लिफ्ट आहे, सरकते जिने आहेत, आणि धक्काबुक्की नाही. दादरचं मेट्रो स्टेशन रेल्वे स्टेशनला लागून नाही, थोडं चालावं लागतं, तेवढं धरून चला. सीएसएमटीला उतरून ती इमारत निवांत बघा. मग हुतात्मा चौक, मुलीला संयुक्त महाराष्ट्राबद्दल तिथे उभं राहून सांगा. जहांगीर आर्ट गॅलरीत तिकीट नाही. आणि सीएसएमटीहून नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्राकडे जाणारी ११५ नंबरची विजेवरची एसी डबलडेकर. वरच्या मजल्यावरची पुढची सीट मुलीला मिळाली तर बारा रुपयांत तिचा दिवस सार्थकी लागेल. आजी-आजोबांनी खालीच बसावं, जिना अरुंद असतो. उतरलं की समोर मरीन ड्राइव्ह.

घारापुरी या वेळीही नको. धक्क्यापासून लेण्यांपर्यंत शंभराहून जास्त पायऱ्या आहेत. डोलीवाले असतात, पण सासूबाईंना तसं बसणं आवडेल का ते तुम्हालाच माहीत.

आता तुमचा शेवटचा आरोप, की लिहिणाऱ्यांमुळे जागा महागतात. यावर मी बराच विचार केला. परवा ज्या खानावळीत जेवलो तिथल्या भिंतीवरच्या दरपत्रकात थाळीच्या आकड्यावर चिठ्ठी चिकटवली होती. तिच्या कोपऱ्यातून खालची जुनी चिठ्ठी दिसत होती, आणि तिच्याखाली आणखी एक. मालकांना विचारलं. म्हणाले, गॅस, तेल, माणसांचे पगार. आणि जागा पगडीची, म्हणजे जुन्या नाममात्र भाड्याची आहे म्हणून आम्ही अजून इथे आहोत, इमारत पाडायला काढली की नंतरच्या भाड्यात ही थाळी बसणार नाही. त्यांचा दर माझ्या लेखामुळे वाढलेला नाही, असं मला वाटतं.

तरीही तुमच्या म्हणण्यात एक खरी गोष्ट आहे. मुंबईतलं स्वस्त खाणं पाहुण्यांसाठी जन्मलेलं नाही. गिरणगावातल्या खानावळी बायकामुलं गावी ठेवून आलेल्या कामगारांच्या पगारावर चालायच्या. डबे रांधणाऱ्या बायकांना सावकाराच्या विळख्यातून सोडवायला प्रेमा पुरवांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेही याच भागात. वडापावसुद्धा दादर स्टेशनबाहेर घाईत घरी निघालेल्या माणसासाठीच निघाला. आजही दुपारी एक ते दोन या खानावळींत दुकानातली, ऑफिसातली माणसं अर्ध्या तासाच्या सुट्टीत जेवून जातात. माझा लेख वाचून आलेले पाच जण नेमके एक वाजता टेबल धरून फोटो काढत बसले, तर त्या दिवशी एखादा माणूस उपाशी कामावर परततो. म्हणून लेखात आता प्रत्येक खानावळीपुढे लिहिलंय: साडेबाराच्या आत जा किंवा अडीचनंतर, आधी विचारून. तुमच्यामुळे ते सुचलं.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. ज्या हॉटेलाने तुमच्या बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्ज लावला, तो देणं तुमच्यावर बंधनकारक नव्हतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली तसं सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. शांतपणे ‘हा काढा’ म्हणायचं. आणि साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी पाच टक्के आहे, बारा नव्हे. बिल हातात घेऊन तेवढं बघा. सासू-सासऱ्यांच्या रेल्वे तिकिटावरची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद झाली, त्याचा राग तुमच्याइतकाच मलाही येतो. दोन म्हाताऱ्या माणसांना लेकीसुनांसोबत कुठे जायचं म्हटलं की खर्चाची सुरुवात तिथूनच होते.

तुम्ही लिहिलंत की सासरे परत येताना गाडीत म्हणाले, ‘पुन्हा मुंबई नको.’ ते वाक्य मी आईलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्यांना एकदा बोलाव.

येणार असाल तर तारीख कळवा. शनिवारची गाडी असेल तर रविवारचा मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते आदल्या दिवशी बघून मी इथेच लिहीन. शिवाजी मंदिरात त्या दिवशी कुठलं नाटक आहे, तेही.