नोकऱ्यांची जंत्री कशासाठी? बीडच्या सिस्टरांना उत्तर

सिस्टर, नमस्कार.

नर्सेसच्या संघटनांचं पुढारपण कुणी केलं आणि त्याआधी त्या बायांनी कुठे कुठे नोकऱ्या केल्या, यावर मी मागच्या महिन्यात लिहिलं होतं. त्याखाली तुम्ही लिहिलंत, “मॅडम, पुढाऱ्यांच्या नोकऱ्यांची ही जंत्री वाचून आम्हाला काय मिळालं? कोण कुठल्या वॉर्डात होतं, याच्याशी आमचं काही देणंघेणं नाही. काम करून दाखवणारा पुढारी पाहिजे. अन् लंडन-लखनौच्या बायांचा आमच्या उपकेंद्राला उपयोग काय? तुमच्या अख्ख्या लेखात एक एएनएम नाही.” खाली सही केलीत, ‘कंत्राटी एएनएम, बीड जिल्हा’. (बाकीच्या वाचकांसाठी: एएनएम म्हणजे सहायक परिचारिका-प्रसविका, खेड्यातल्या आरोग्य उपकेंद्रावरची नर्सबाई.)

तुमचं शेवटचं वाक्य खरं आहे आणि ते मला लागलं. त्यावर शेवटी येते. पण ‘कोण कुठल्या वॉर्डात होतं याच्याशी देणंघेणं नाही’ हे मला मान्य नाही. का नाही, ते नीट सांगते.

३० सप्टेंबर १९९३. नोकरीला माझं चौथं वर्ष होतं. आदल्या रात्री अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक नुकते आडवे झालेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. उजाडल्यावर किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूच्या गावांतून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, टेम्पो, जे मिळेल त्यातून माणसं दवाखान्यात यायला लागली. दगडाच्या भिंती आणि वर हात-हातभर मातीचं माळवद, अशी ती घरं. ती माती जखमांत, कानांत, दातांच्या फटींत. आम्ही सलाइनने धूत होतो आणि चिखल वाहत होता. खाटा संपल्या, मग व्हरांड्यात सतरंज्या.

आमच्या इन्चार्ज सिस्टर मात्र जखमांकडे कमी आणि खाटेखाली जास्त बघत होत्या. एकेका पेशंटच्या लघवीची बाटली उचलायची, खिडकीच्या उजेडात धरायची, परत ठेवायची. मला म्हणाल्या, “पोरी, रंग बघ. चहासारखी दिसली की जागची हलायच्या आधी डॉक्टरांना हाक मार.” मांडीवर तासन्‌तास तुळई पडून राहिलेला माणूस बाहेर काढला की बोलतो, पाणी मागतो, घरच्यांची नावं घेतो. पण दबलेल्या स्नायूंतून सुटलेलं द्रव्य रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं बंद पाडतं. वरून धडधाकट दिसणारा तो माणूस दोन-तीन दिवसांत जातो. लघवी मोजायला भांडी नव्हती. सिस्टरांनी सलाइनच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्यांच्या माना कापल्या, बाजूने चिकटपट्टी लावली आणि पेनाने खुणा केल्या, १००, २००, ३००. रात्री त्या लांबलचक व्हरांड्यात आम्ही दोघीच होतो. किती बाटल्या वेळेवर बघता आल्या आणि किती राहिल्या, ते मला ठाऊक आहे.

दोन वर्षांनी याच सिस्टर आमच्या संघटनेच्या जिल्हाध्यक्ष झाल्या. तोवर दर वर्षीचं निवेदन एकाच साच्यातलं असायचं. बदल्या, पदोन्नती, गणवेश भत्ता, धुलाई भत्ता. मागण्या रास्तच होत्या. सिस्टरांनी त्या खाली सरकवल्या आणि वर पहिल्या क्रमांकावर लिहिलं, ‘रात्रपाळीला एका परिचारिकेमागे किती रुग्ण, हे ठरवून द्यावे.’ दुसऱ्या क्रमांकावर, ‘प्रत्येक वॉर्डात मोजमापाची भांडी पुरवावीत.’ वरच्या अधिकाऱ्यांना त्या भांड्यांची मागणी क्षुल्लक वाटली. आम्हा व्हरांड्यातल्यांना नाही वाटली. त्या बाईंनी उभा जन्म सर्जिकल वॉर्डात काढला नसता, तर ती ओळ त्या कागदावर आलीच नसती. म्हणून मी वॉर्ड विचारते, सिस्टर. आज इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक नर्स आणि इतर रुग्णालयांत पाचांमागे एक, असं सांगतो. रात्री अकराला कुठल्याही सरकारी दवाखान्याच्या मेडिसिन वॉर्डात जाऊन मोजा. ती मागणी अजून जुनी झालेली नाही.

त्यांच्यानंतर अध्यक्ष झाल्या त्या पाठ्यनिर्देशिका. सगळी नोकरी नर्सिंग स्कूलमध्ये. तेव्हा आम्ही वॉर्डातल्या कुरकुरलो, की ‘वर्गात फळ्यापुढे उभं राहणारीला आमची दुखणी काय कळणार?’ त्यांनी पहिलाच प्रश्न काढला तो विद्यार्थिनींचा. शिकायला आलेल्या पोरी ड्युटी लिस्टमधली भोकं बुजवायला वापरल्या जातात, सलग रात्रपाळ्या करतात आणि सकाळी वर्गात झोपतात. ती ड्युटी लिस्ट कोण लिहीत होतं? आम्हीच. माझ्याही हातची आहे. स्टाफ नाही म्हटल्यावर दुसऱ्या वर्षाच्या पोरीचं नाव टाकताना मला कधी काही चुकीचं वाटलं नव्हतं. वॉर्डातून जे दिसत नव्हतं ते वर्गातून दिसलं.

तिसऱ्या अध्यक्षांची बरीच नोकरी कार्यालयात गेली होती. सेवापुस्तक, वेतननिश्चिती, आश्वासित प्रगती योजनेचे अडकलेले प्रस्ताव, यांत त्यांचा हात कुणी धरत नसे. तुम्ही म्हणता तसं ‘काम करून दाखवणं’ पैशांच्या बाबतीत त्यांनीच सर्वांत जास्त केलं. रात्रपाळीचा विषय मात्र त्यांच्या तीन वर्षांत एकदाही निघाला नाही. मी त्यांना दोष देत नाही. ज्या खुर्चीतून जे दिसतं तेच माणूस मांडतो. म्हणून मत देताना बाई चांगली की वाईट याच्या आधी ती कुठे उभी राहून आली, हे मी बघते.

आता लंडन-लखनौ.

एथेल मॅन्सन नावाची मुलगी १८८१ साली, वयाच्या २४ व्या वर्षी, लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाची मेट्रन, म्हणजे सगळ्या नर्सेसची प्रमुख झाली. १८८७ मध्ये डॉक्टर फेनविक यांच्याशी लग्न झालं आणि तिने नोकरी सोडली. त्याच वर्षी तिने ब्रिटिश नर्सेस असोसिएशन उभी केली आणि १८९९ मध्ये जगभरातल्या नर्सेसची परिषद, जिची ती पहिली अध्यक्ष. तिचा हट्ट एकच होता, प्रशिक्षित नर्सची सरकारी नोंदवही असली पाहिजे. डोक्याला टोपी बांधून कुणीही स्वतःला नर्स म्हणवून घेतं, हे तिने मेट्रन म्हणून पाहिलं होतं. खुद्द फ्लॉरेन्स नाइटिंगेल विरोधात होत्या. त्यांचं म्हणणं, नर्सचं शील परीक्षेने मोजता येत नाही. ही झुंज ३० वर्षांच्या वर चालली. १९१९ मध्ये कायदा झाला, नोंदवही उघडली, तेव्हा पहिल्या क्रमांकावर नाव लागलं ते एथेल फेनविकचं. तुमच्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचा क्रमांक, जो अर्जावर लिहिल्याशिवाय तुमची कंत्राटी ऑर्डरसुद्धा निघत नाही, तो त्याच कल्पनेतून आलेला आहे. इतका त्या बाईचा तुमच्या उपकेंद्राशी संबंध आहे.

पण तिच्या खुर्चीचीही एक मर्यादा होती. घरची सुस्थिती, प्रशिक्षण स्वतःच्या पैशाने घेतलेलं. पोटासाठी या कामात आलेल्या गरीब मुलीला परीक्षेची फी कशी परवडेल, हा प्रश्न तिच्या मांडणीत मला फार कमी दिसतो.

आणि लखनौ तर तुमच्याच बाजूची साक्ष देतं. १९०५ मध्ये तिथे नऊ युरोपियन नर्सेस जमल्या. सगळ्या रुग्णालयांत अधिकारपदावर. त्यांनी काढलेल्या संघटनेचं नावच होतं असोसिएशन ऑफ नर्सिंग सुपरिंटेंडंट्स. वॉर्डात काम करणाऱ्या साध्या नर्सला त्यात जागा नव्हती. तिच्यासाठी ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन निघाली ती १९०८ मध्ये, आणि दोन्ही एक झाल्या १९२२ मध्ये. म्हणजे आपल्या देशात या कामाची संघटना सुरू झाली तीच पदावरच्यांपासून. ‘संघटना मोठ्या दवाखान्यातल्या सिस्टरांची’ ही तुमची खंत तिथवर मागे जाते.

आता तुमचं ते शेवटचं वाक्य.

तुमची प्रतिक्रिया आल्यावर मी माझी जुनी वही काढली. संघटनेच्या जिल्हा आणि विभाग पातळीवरच्या जेवढ्या पदाधिकाऱ्यांशी मी आजवर बोलले, त्यांच्या नोंदी तीत आहेत. एकीचीही नोकरी उपकेंद्रावर सुरू झालेली नाही. आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, कारण मीही वॉर्डातून आलेली. जो दोष मी कार्यालयातल्या अध्यक्षांचा म्हणून वर लिहिला, तोच माझ्या लेखात आहे.

यामागे कारणं आहेत आणि ती कुणाच्या मनाच्या कोतेपणापेक्षा मोठी आहेत. देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या १९४६ च्या भोर समितीने नोंदवलं की देशात ४३,००० माणसांमागे एक नर्स आहे. खेड्यात कुणीतरी लवकर पोहोचावं म्हणून स्वातंत्र्यानंतर एएनएमचा छोटा अभ्यासक्रम निघाला. १९७३ च्या कर्तारसिंग समितीनंतर तीच एएनएम बहुउद्देशीय कर्मचारी झाली. बाळंतपण, लसीकरण, कुटुंब नियोजन, हिवताप, सगळं तिच्या पदरात. सपाटीवर ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र. गाव तिला नर्सबाई म्हणतं, जिल्हा परिषद आरोग्य सेविका म्हणते. आणि तिचा साहेब कोण? वैद्यकीय अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी. आमची अधिसेविका, म्हणजे दवाखान्याची मेट्रन, तिच्या साखळीत कुठेच नाही. दवाखान्यात आम्ही पन्नास जणी एका छताखाली असतो, ड्युटी बदलताना दोन शब्द होतात, त्यातूनच संघटना उभी राहते. तुम्ही एकट्या. शेजारच्या उपकेंद्रावरची सिस्टर तुम्हाला महिन्याच्या मीटिंगलाच भेटणार, तेही रिपोर्टच्या घाईत.

त्यात तुम्ही कंत्राटी. २००५ नंतर राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून उपकेंद्रावर दुसरी एएनएम आली ती अशीच, अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर. जिची ऑर्डर दर वर्षी कुणाच्या तरी सहीवर अडकलेली आहे, तिने त्याच टेबलापुढे निवेदन घेऊन उभं राहायचं, हे सांगणं आम्हा पेन्शनवाल्यांना सोपं आहे.

आणि तुम्ही तिथे नसल्यामुळे काय बुडतं, त्याचं उदाहरण तुमच्याच जिल्ह्यातलं आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात, हा विषय गाजला आणि २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. अंगावर पांढरं जातंय, कंबर धरतेय, पाळी आली की फडावर खाडा पडतो, हे ती बाई आधी कुणाजवळ बोलते? घरी लेकराला लस द्यायला आलेल्या नर्सबाईजवळ. म्हणजे ही गोष्ट समितीच्या कागदावर यायच्या कितीतरी आधी उपकेंद्राच्या ओट्यावर बोलली जात होती. तो ओटा आमच्या संघटनेच्या बैठकीत नव्हता, म्हणून आमच्या एकाही निवेदनात ती ओळ नाही. मी वही पुन्हा पुन्हा उलटून पाहिली. नाही.

एक परदेशी बाई आणखी सांगते, खास तुमच्यासाठी. मेबल स्टॉपर्स. जन्म बार्बाडोसचा, शिक्षण अमेरिकेत. कृष्णवर्णीय म्हणून तिच्यासारख्यांना अमेरिकेच्या कित्येक राज्यांत मुख्य नर्सेस संघटनेचं दार बंद होतं. १९०८ पासून त्यांनी आपली वेगळी संघटना चालवली होती, १९३४ मध्ये मेबल तिची कार्यकारी सचिव झाली. घरोघरी जाऊन केलेली खासगी शुश्रूषा आणि हार्लेममधलं क्षयरोगाचं काम, ही तिची शिदोरी. दुसऱ्या महायुद्धात सैन्याला नर्सेस कमी पडत असतानाही कृष्णवर्णीय नर्सेसना मोजक्याच जागा होत्या. ती सतत लढली आणि १९४५ मध्ये सैन्याचं दार उघडलं. १९४८ मध्ये मुख्य संघटनेने सर्वांना सामावून घेतलं. १९५१ मध्ये तिने आपली संघटना विसर्जित केली, कारण ज्यासाठी ती काढली होती ते झालं होतं. बाहेर ठेवलेल्यांची पुढारी बाहेरच्यांतूनच यावी लागते, हे मी तिच्याकडून घेतलं.

“आमचा पगार कोण वाढवून देईल” हेही तुम्ही विचारलंत. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनने खासगी रुग्णालयांतल्या नर्सेसच्या पगारासाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. २०१६ च्या जानेवारीत न्यायालयाने त्यावर निर्देश दिले, केंद्राने समिती नेमली आणि समितीने शिफारस केली की ५० खाटांच्या आतल्या दवाखान्यातही नर्सला महिन्याला २०,००० च्या खाली पगार नसावा. अंमलबजावणी राज्यांवर सोडली गेली, आणि आपल्याकडच्या छोट्या खासगी दवाखान्यांत पोरी किती पगारावर राबतात ते तुम्हालाही माहीत आहे. तरी बोट ठेवायला एक कागद झाला. कंत्राटी एएनएमसाठी तसा कागद व्हायचा तर तो मागणाऱ्यांत अकरा महिन्यांची ऑर्डर स्वतः हातात धरलेली कुणीतरी हवी. तुमच्या वतीने वॉर्डातल्या सिस्टरने लिहिला तर त्यात पुन्हा धुलाई भत्ता येईल आणि उपकेंद्राला पाणी नाही, हे राहून जाईल.

मूळ लेखात मी दुरुस्ती करणार आहे. पण एएनएमबद्दल माझ्या मनाने दोन ओळी घालणं बरोबर नाही. दसऱ्यानंतर टोळ्या कारखान्यांकडे निघतील आणि तुमची गावं रिकामी होतील, त्याआधी मला तुमच्याकडे यायचं आहे. लसीकरणाचा वार सोडून दिवस सांगा. तुमच्या शेजारच्या दोन-तीन उपकेंद्रांवरच्या सिस्टरांनाही बोलवा, जुन्या आरोग्य सहायिका कुणी निवृत्त असतील तर त्यांनाही. जेवण मी बांधून आणते. वही नवी घेतली आहे. पहिल्या पानावर तुमचंच लिहायचं, कोणत्या साली लागलात, कुठल्या गावाला, आणि पहिलं बाळंतपण कुठल्या उजेडात केलंत.