स्कोप लावला म्हणून रिव्हॉल्व्हरची रायफल होत नाही

अमेरिकेतल्या आपल्या शिकार करणाऱ्या मंडळींत सध्या एक सल्ला जोरात फिरतोय. हरणासाठी रिव्हॉल्व्हर घ्यायची तर .500 मॅग्नमच (अर्धा इंच जाड गोळीची) घ्या, वर घरात पडलेला रायफलचा स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, बसवा, झूम जितका जास्त तितका चांगला, मग 200 यार्डांवरही (साधारण 180 मीटर) व्हाइटटेल, म्हणजे तिकडचं हरीण, जागच्या जागी पडतं. (हे सगळं तिकडचंच, भारतात शिकारीला बंदी आहे.) नवीन लोकांचे पैसे वाया जातील ते एक वेळ ठीक, पण पोटात गोळी लागलेलं हरीण रात्रभर झाडीत तडफडत राहतं हे मला अजिबात मान्य नाही, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी रायफलचा स्कोप. त्याला डोळा 3-4 इंचांवर लागतो. रिव्हॉल्व्हर आपण हात लांब करून धरतो, म्हणजे डोळा दीड-दोन फूट मागे, तिथून त्या स्कोपमध्ये धड काही दिसतच नाही. आणि दिसावं म्हणून कोपर वाकवून जवळ आणली तर गोळी सुटल्याच्या झटक्याने स्कोप थेट भुवईवर येणार, .500 पेक्षा सौम्य .44 मॅग्नमनेसुद्धा टाके पडतील. हँडगनसाठी वेगळा, लांबून बघता येईल असाच स्कोप घ्या. स्कोप धरणाऱ्या रिंगाही दणकट हव्यात, कारण एवढ्या झटक्यात हलका माउंट (स्कोपची बैठक) सरकतो आणि झीरो, म्हणजे ठरावीक अंतरावर जुळवलेला नेम, जातो. रुगर सुपर रेडहॉक या रिव्हॉल्व्हरच्या फ्रेमवरच रिंगांसाठी खाचा असतात, हा मला तिचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

झूमचं म्हणाल तर स्कोप हरणासोबत तुमच्या हाताचा कंपही मोठा करून दाखवतो. 8एक्सवर, म्हणजे आठपट झूमवर, क्रॉसहेअर (नेमाची फुली) इतकी नाचते की माणूस घाई करून ट्रिगर झटकतो, आणि दिसणारा भाग एवढासा की झाडांमधलं हरीण सापडेपर्यंत ते निघून जातं. शिवाय उजेडाचा हिशोब बघा, पुढच्या भिंगाचे मिलिमीटर भागिले झूम, म्हणजे 2एक्स 20 मध्ये (दुप्पट झूम, 20 चं भिंग) 10 मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्याच्या बाजूने बाहेर पडतो आणि 32 च्या भिंगाला 8एक्सवर फक्त 4. हरणं फिरतात पहाटे आणि संध्याकाळी, तेव्हा हा फरक चांगलाच जाणवतो. फिक्स 2एक्स बास, फार तर 2 ते 7 चा घ्या आणि खालीच ठेवा.

आता .500. ही काडतूस 2003 साली आली, त्याच्या आधी जवळजवळ पन्नास वर्षं लोक .44 मॅग्नमने हरणं मारतच होते आणि आजही मारतायत. .500 ची लांब नळीची रिव्हॉल्व्हर साडेचार पौंडांची, एकेक राऊंड महाग, झटका असा की नवा माणूस चार-पाच गोळ्यांत डोळे मिटून ट्रिगर ओढायला लागतो, आणि ती सवय मोडता मोडत नाही. .44 मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .44 स्पेशल हे सौम्य काडतूस चालतं, त्यावर हात बसवा, मग मॅग्नमकडे या. आणि एक, सिलिंडर आणि नळीच्या मधल्या फटीतून गरम गॅस जोरात बाहेर येतो, म्हणून रिव्हॉल्व्हर कशावर टेकवून मारताना बोटं त्या फटीजवळ कधीच नेऊ नका, आणि कानाला प्रोटेक्शन शिकारीतही लावाच.

200 यार्ड? .44 ची 240 ग्रेन वजनाची गोळी 100 यार्डांवर झीरो केली तर 200 वर दोन फुटांहून जास्त खाली जाते. हरणाचं हृदय-फुप्फुस म्हणजे जेमतेम 8 इंचांची जागा. अंतर ओळखण्यात 20 यार्डांची चूक झाली तरी गोळी भलतीकडे. 8 इंचांची कागदी प्लेट लावा, बेंचवरून नाही, जंगलात जसे बसाल तसे बसून, सिंगल ॲक्शनने, म्हणजे घोडा आधी अंगठ्याने मागे ओढून, मारा. जिथपर्यंत सगळ्याच्या सगळ्या गोळ्या प्लेटमध्ये बसतात तेवढीच तुमची रेंज. बहुतेकांची ती 50 ते 75 यार्ड निघेल, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, त्याच्या पलीकडचं हरीण जाऊ द्यायचं.