आडवा पाच, चार अक्षरी

आमच्या नळाला चार दिवसांआड पाणी येतं आणि आमच्या ग्रुपवर रोज रात्री साडेनऊला शब्दकोडं येतं. दोन्ही एकाच वेळी आलं की आमच्या घरात काय होतं ते शेजाऱ्यांना विचारा, त्यांना भिंतीतून सगळं ऐकू जातं. जगातलं पहिलं शब्दकोडं आर्थर विन यांनी न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात २१ डिसेंबर १९१३ रोजी छापलं. त्यांच्याकडे नळ रोज येत असणार.

ग्रुपात आम्ही शाळासोबती. एक पुण्याला गेलेली, ती तिथून आमचं शुद्धलेखन तपासते. एक तेलुगू घरातला, त्याच्या आजोबांचे माग होते. एक घरी कन्नड बोलणारा, त्याला आम्ही सगळे अण्णा म्हणतो. ('अण्णा' हा शब्दही मूळ आमचाच, हे तो दर आठवड्याला ऐकवतो.) कोडं दहा मिनिटांत सुटतं. शब्द कुठनं आला यावर मात्र बारा वाजतात.

परवाचा आडवा पाच : 'सुपारीचा वैरी, चार अक्षरी.' मी पहिला नंबर लावला, अडकित्ता! तिथंच थांबलो असतो तर निभावलं असतं. पण मला व्युत्पत्तीची खुमखुमी. ठोकून दिलं, "ज्यात बोट अडकतं तो अडकित्ता." पुरावा म्हणून आजीचा पितळी अडकित्ता फडताळातून काढला. पोपटाच्या आकाराचा, चोचीशी हिरवट कळा आलेली. डाव्या हातात उघडा धरून उजव्या हातानं फोटो काढायला गेलो, तर पोपटानं अंगठ्याची कातडीच धरली. माझी व्युत्पत्ती जागच्या जागी सिद्ध झाली, पण अण्णाला त्याचं काय!

"अडके म्हणजे सुपारी बे कन्नडमध्ये. तुझं बोट कुठनं आलं त्यात?"

पाठोपाठ पुणेकरीण : "'कि' ऱ्हस्व."

मी एका हातानं टाइप करत होतो, दुसरा तोंडात होता.

वचपा काढायचा म्हणून मी वडिलांकडून ऐकलेलं, लहानपणापासून पाठ असलेलं टाकलं. सोळा गावं मिळून सोलापूर. अण्णा म्हणाला, "नावं सांग." मी नऊपर्यंत गेलो, त्यातलं एक गेल्या दहा वर्षांत उभ्या राहिलेल्या सोसायटीचं निघालं. मग त्यानं कलचुरींच्या काळातल्या शिलालेखातलं सोलापूरचं जुनं नाव 'सोन्नलगे' काढलं. शिलालेखापुढं आमच्या वडिलांचं काय चालणार?

"निदान चादर तरी आपली म्हणा रे," मी लिहिलं.

इतका वेळ गप्प असलेला मागवाल्याचा नातू म्हणाला, "शब्द फारसी. माल आपला."

यावर पाच मिनिटं कुणीच काही बोललं नाही. ग्रुपच्या इतिहासात हे प्रथमच.

तेवढ्यात नळाला पाणी आलं. बाहेरून हाक आली, "काय करलालाव ओ तिकडं? पाइप धरा की!" पण उभा सात राहिला होता. 'दर महिन्याला येतो, मूळचा पोर्तुगीज, तीन अक्षरी.' मी बटाटा लावून पाहिला. अक्षरं बसली, पण तो आमच्याकडं दर महिन्याला नाही, दर दिवसाआड येतो. हापूस बसला, पण तो येतो वर्षातनं एकदा, तोही शेजाऱ्यांकडं. शेवटी मी ते कोडं मोठ्यानं वाचलं.

"पगार," ही पाइप धरूनच म्हणाली.

"तुला काय माहीत तो पोर्तुगीज आहे?"

"ते नाही माहीत. दर महिन्याला येतो म्हणालात ना. आणि आला तसा परत जातो."

मी उत्तर टाकलं. अण्णानं लगेच "शाब्बास बे" म्हटलं. मी ते श्रेय नाकारलं नाही, इथं तेवढं कबूल करतो. बाहेर गेलो तेव्हा नळ घुर्रर्र करून थांबला होता. बॅरल अर्धं, आणि शेजाऱ्यांकडून आणलेल्या पाण्याच्या दोन भरलेल्या बादल्या जिन्याखाली. अंगठा ठणकत होता.

"बादली हाही पोर्तुगीजच शब्द," मी म्हणालो.

"मग पोर्तुगीजांना बोलवा उचलायला."