डॉनेली कायदा, एकट्याची दांडगाई आणि तुमचा आक्षेप

नमस्कार. न्यूयॉर्क राज्याच्या मक्तेदारीविरोधी कायद्यावरच्या, म्हणजे डॉनेली कायद्यावरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की अमेरिकेचा केंद्रीय मक्तेदारीविरोधी शर्मन कायदा आहे, एफटीसी (केंद्रीय व्यापार आयोग) आहे, मग राज्यांनी मध्ये लुडबुड कशाला? पन्नास राज्यांचे पन्नास कायदे म्हणजे वकिलांची चंगळ. प्रश्न रास्त आहे, पण त्यात संगनमत आणि एकट्याची दांडगाई या दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झालीय.

डॉनेली कायदा 1899 चा. त्याचं कलम 340 करार, संगनमत, आपसातली व्यवस्था यांना पकडतं, म्हणजे गुन्ह्याला किमान दोघं लागतात. कॅलिफोर्नियाच्या 1907 च्या कार्टराइट कायद्याचीही तीच गत. शेजारचा धंदा बुडेपर्यंत तोट्यात विकायचं आणि मग भाव चढवायचे, हे एकट्या कंपनीने केलं तर ही कलमं हातच लावत नाहीत. (आपल्याकडच्या वाचकांना हे विचित्र वाटेल, कारण 2002 च्या स्पर्धा कायद्याच्या कलम 4 मध्ये एकट्याने केलेला वर्चस्वाचा गैरवापर सरळ येतो.)

तुम्ही म्हणाल, त्यासाठी शर्मनचं मक्तेदारीवरचं कलम 2 आहेच. आहे, पण केंद्रीय न्यायालयांनी ते फार आवळून टाकलंय. 1993 च्या ब्रुक ग्रुप निकालानंतर भाव खर्चाच्या खाली होता एवढं दाखवून भागत नाही. तो तोटा कंपनी पुढे वसूल करू शकेल अशी शक्यताही दाखवावी लागते. बहुतेक दावे इथेच गारद होतात. राज्याच्या कायद्याला ही चौकट बंधनकारक नाही. अडचण अशी की न्यूयॉर्कची न्यायालयं डॉनेली कायद्याचा अर्थ सहसा शर्मनच्या वळणानेच लावतात. म्हणून नुसतं 'एकट्याची कृतीही गुन्हा' असं कलम घुसवून उपयोग नाही. काय सिद्ध करावं लागणार नाही, हेही शब्दांत लिहावं लागतं. मसुदे इथेच फसतात.

आता पैशाचं. 1977 च्या इलिनॉय ब्रिक खटल्यात काँक्रीटच्या विटांचे भाव संगनमताने चढवल्याचा आरोप होता. विटा घेतल्या गवंडीकामाच्या कंत्राटदारांनी, त्यांच्याकडून काम घेतलं मुख्य कंत्राटदारांनी, आणि शेवटचं बिल भरलं राज्य सरकार आणि स्थानिक संस्थांनी. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, केंद्रीय कायद्याखाली भरपाई मागायची ती थेट खरेदीदाराने. म्हणजे ज्याच्या खिशाला खरी चाट बसली त्याच्या हाती काहीच नाही! ही वाट राज्यांनी आपल्या कायद्यांतून मोकळी केली, आणि ती वैध असल्याचं त्याच न्यायालयाने 1989 मध्ये मान्य केलं. न्यूयॉर्कने 1998 मध्ये ती केली खरी, पण दंडाच्या रकमेसाठी सामूहिक दावा लावू न देणारं दिवाणी प्रक्रियेचं कलम 901(ब) आड आलं. तिप्पट भरपाई ही दंडासारखी धरून राज्याच्या न्यायालयात सामूहिक दावा नाकारला गेला (2007). माणशी नुकसान थोडं असताना एकेकट्याने कोण खटला लढणार?

विलीनीकरणातही राज्य शोभेला नसतं. क्रोगर आणि अल्बर्टसन्स या किराणा साखळ्यांच्या विलीनीकरणाविरुद्ध वॉशिंग्टन राज्याने 2024 च्या जानेवारीत दावा लावला, एफटीसी फेब्रुवारीत गेली. 10 डिसेंबरला सिएटलच्या राज्य न्यायालयाने आणि पोर्टलंडच्या केंद्रीय न्यायालयाने एकाच दिवशी व्यवहार रोखला.

पन्नास कायदे म्हणजे विलीनीकरणाआधी पन्नास फॉर्म अशी भीती असेल, तर वॉशिंग्टन राज्याचा 2025 चा नियम बघा. केंद्राकडे भरलेल्या फॉर्मचीच प्रत अॅटर्नी जनरलकडे द्यायची. फी नाही, वेगळी थांबण्याची मुदतही नाही. मुख्य कार्यालय राज्यात असेल किंवा संबंधित मालाची राज्यातली वार्षिक विक्री, केंद्राकडे फॉर्म भरण्यासाठी जी व्यवहाराच्या रकमेची मर्यादा आहे तिच्या किमान 20 टक्के असेल, तर हे लागू. 2025 ची मर्यादा 12.64 कोटी डॉलर धरली तर ही विक्री सुमारे 2.53 कोटी. प्रत दिली नाही तर दिवसाला 10 हजार डॉलरपर्यंत दंड.

एका मुद्द्यावर मात्र मी तुमच्या बाजूने. न्यूयॉर्क सिनेटने 2021 मध्ये मंजूर केलेल्या आणि असेंब्लीत अडकलेल्या विधेयकात विक्रेत्याचा वाटा 40 टक्के, खरेदीदाराचा 30 टक्के असला की वर्चस्व गृहीत धरायचं होतं. पण 40 टक्के कशाचे? औषध दुकानांचा बाजार गल्लीपुरता मोजायचा, की शहराचा, की टपालाने येणाऱ्या औषधांसकट? एकच कंपनी एका हिशेबात 60 टक्क्यांवर, दुसऱ्यात 15 वर. आकडा कलमात घालून हा वाद टळत नाही, तो बाजाराच्या व्याख्येवर सरकतो. त्यापेक्षा भावावर प्रत्यक्ष पकड असल्याचा पुरावा आधी ग्राह्य धरावा, टक्केवारी नंतर. त्या विधेयकात हा प्रत्यक्ष पुराव्याचा रस्ताही होता; चर्चा मात्र सगळी 40 वरच झाली.