सव्वादोनशे यार्डांचा पार-थ्री आणि आपण साधे खेळाडू

गोल्फ खेळताना दोनशे यार्डांच्या वरचा पार-थ्री (तीन फटक्यांत संपवायचा होल) आला की आमच्या गटात हमखास दोन तट पडतात. एकांचं म्हणणं, जमत नसेल तर बोगी (पारपेक्षा एक फटका जास्त) घ्या आणि पुढे चला, रडता कशाला. दुसऱ्यांचं म्हणणं, हा सरळसरळ अन्याय आहे. मी दुसऱ्या बाजूचा आहे, आणि आज जरा सविस्तर लिहितो, कारण हा वाद नेहमी नुसत्या लांबीवर अडकतो.

आधी आकडे बघा. हँडिकॅपच्या (खेळाडूच्या कौशल्यानुसार मिळणाऱ्या फटक्यांच्या सवलतीच्या) नियमांत ‘बोगी गोल्फर’ची व्याख्याच दिलेली आहे. पुरुष असेल तर हँडिकॅप 20 च्या आसपास, टीवरून (होलचा पहिला फटका जिथून मारतात ती जागा) सरासरी 200 यार्ड. स्त्री असेल तर हँडिकॅप 24 च्या आसपास, टीवरून 150 यार्ड. आपल्यापैकी बहुतेक जण इथेच कुठेतरी बसतो. आणि याच व्यवस्थेत पार-थ्री पुरुषांसाठी 260 यार्डांपर्यंत आणि स्त्रियांसाठी 220 यार्डांपर्यंत चालतो! म्हणजे ज्याचा ड्रायव्हर (सर्वांत लांब मारणारी काठी) जीव तोडून 200 जातो, त्याने 60 यार्ड जास्त मारावेत. आणि बाईने 70. व्यावसायिक टूरवरचा खेळाडू फाइव्ह आयर्नने (मधल्या पल्ल्याची काठी) चेंडू हवेतूनच 190 च्या पुढे नेतो, त्याला या लांबीचं काय वाटणार?

यावर उत्तर ठरलेलं असतं: हँडिकॅप 20 असेल तर प्रत्येक होलवर एक स्ट्रोक (फटका) सवलतीचा मिळतोच, मग चार म्हणजे तुझा पारच झाला. हे मला शंभर टक्के मान्य आहे. कार्डावरचा हिशेब तिथे मिटतो. (बारा-चौदा हँडिकॅपवाल्याचा मिटत नाही. सवलतीचे स्ट्रोक कोणत्या होलवर आधी द्यायचे तो क्रम म्हणजे स्ट्रोक इंडेक्स, आणि पार-थ्रींना त्यात बहुतेकदा शेवटचे नंबर मिळतात, त्यामुळे त्याच्या वाट्याला तिथे काहीच येत नाही.) पण माझी तक्रार कार्डाची नाहीच. पार-फोरवर ड्राइव्ह (टीवरचा लांब फटका) फसला तरी पुढे काय करायचं हे तुमच्या हातात असतं. पार-थ्रीवर सगळी मदार पहिल्या फटक्यावर. त्या फटक्यात ताकद कमी पडणाऱ्या माणसाला निवड करायला काही ठेवलंय की नाही, एवढंच मी बघतो.

गोव्याबाहेरच्या एका कोर्सवर, नाव घेत नाही, आम्ही चौघं खेळत होतो. होल 205 यार्डांचा, मध्ये तळं, ग्रीनच्या (भोकाभोवतीच्या आखूड गवताच्या) तोंडाशी दोन्ही बाजूंनी बंकर (वाळूचे खड्डे). आणि लेडीज टी कुठे, तर पुरुषांच्या टीपासून जेमतेम पंधरा पावलांवर. आमच्या मित्राच्या पत्नीने, ज्यांना आम्ही सगळे वहिनी म्हणतो, ड्रायव्हर काढला आणि त्या दिवसाचा सर्वांत सुंदर फटका मारला. चेंडू सरळ रेषेत गेला आणि पलीकडच्या काठाच्या अलीकडे पाण्यात पडला. दुसरा चेंडू, तोही तिथेच. वहिनी कुणावर चिडल्या नाहीत. एवढंच विचारलं, ‘‘इथे मी दुसरं काय करू शकत होते?’’ डावीकडे झाडं, उजवीकडे हद्द, मधे पाणी. आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं. पेनल्टी घेऊन वहिनी ड्रॉप झोनकडे (दंडानंतर चेंडू टाकून खेळायची ठरलेली जागा) चालत गेल्या. इतका चांगला फटका मारणाऱ्या खेळाडूला दंड करणारा होल मला कुणी कितीही समजावलं तरी चांगला वाटणार नाही.

उलट कॅलिफोर्नियातला सायप्रस पॉइंटचा सोळावा बघा. 1928 मध्ये कोर्स सुरू झाला, रचना अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी यांची. 230 यार्डांच्या आसपासचा पार-थ्री, समोर खवळलेला समुद्र. पण डावीकडे जमीन आहे. तिकडे मारा, मग पिच करा (छोटा उंच फटका), नशीब असेल तर एका पटमध्ये (ग्रीनवरचा घरंगळता फटका) पारसुद्धा. अमेरिकेतल्याच ओकमाँट कोर्सचा आठवा 2007 च्या यूएस ओपनच्या शेवटच्या दिवशी 300 यार्डांवर ठेवला होता, 2025 मध्ये कार्डावर 289. ऐकूनच धडकी भरते. तरी तिथलं ग्रीन भलं मोठं आणि समोरून उघडं आहे, चेंडू घरंगळत वर नेता येतो. असा होल मी आनंदाने चार-पाचमध्ये खेळेन आणि तक्रार करणार नाही.

पण ‘घरंगळत नेता येतो’ हे आपल्याकडे किती महिने खरं असतं? पावसाळ्यात गोव्याची जमीन इतकी भिजलेली असते की चेंडू पडतो तिथेच रुततो, रोल विसराच. उन्हाळ्यात जमीन कडक, पण दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो. काणकोणला राजबागच्या बाजूला खेळलेल्यांना माहीत आहे, सकाळी आठला ज्या अंतराला हायब्रिड पुरतो तिथे तीन वाजता वुड (त्याहून लांब मारणारी काठी) काढून चेंडू अलीकडेच पडतो. म्हणून किनाऱ्यावर कार्डावरचा 190 म्हणजे वारा समोरून असला की 220 समजायचा. रचना करणाऱ्याने हे धरलं पाहिजे. साधा खेळाडू वुडने मारतो तेव्हा चेंडू खालून जातो आणि खाली उतरतोही आडवा. आयर्नने उंच मारून थांबवायच्या ग्रीनवर तो थांबतच नाही. म्हणजे अंतर गाठलं तरी शिक्षा आहेच.

वेळेचंही सांगतो. लांब पार-थ्रीवर नेहमी गर्दी का तुंबते? पुढचे चौघं ग्रीनच्या चारी बाजूंनी चिप (छोटे फटके) करत फिरत असतात आणि मागचे टीवर उन्हात उभे.

उपाय खर्चिक नाही. पुढचा टी खरोखर पुढे न्या, पंधरा पावलं नव्हे, पन्नास-साठ यार्ड. ग्रीनच्या समोरचा एक बंकर बुजवा. पाणी हवंच असेल तर एका बाजूला ठेवा. मागचा टी 230 वर राहू दे ना, ज्याला हौस आहे तो खेळेल. अमेरिकेत 2011 पासून ‘टी इट फॉरवर्ड’ मोहीम आहे, आपल्या ड्राइव्हला झेपेल त्या टीवरून खेळा म्हणून. आपल्याकडे मात्र पुढच्या टीवर गेलं की पुरुषांना कमीपणा वाटतो, आणि बायकांसाठी तो टी धड बांधलेलाच नसतो.

तुम्ही जिथे खेळता तिथला सर्वांत लांब पार-थ्री किती यार्डांचा, लेडीज टीवरून किती, आणि कमी मारणाऱ्याला सुरक्षित जागा कुठे आहे, हे कमेंटमध्ये लिहा. वहिनींनाही या पोस्टवर बोलावलंय.